'उत्पादक आणि आनंदी' : एका उभयान्वयी अव्ययावर आक्षेप

मराठी पुस्तकांच्या दुकानांत कवितेचे कपाट वर्षागणिक मागच्या भिंतीकडे सरकत असताना दर्शनी भाग ज्या वाङ्मयप्रकाराने व्यापला आहे, त्याला आमच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांत अजून नाव नाही. यशस्वी कसे व्हावे, वेळेचे नियोजन कसे करावे, कामावर प्रेम कसे करावे, असे सांगणाऱ्या या उपदेशपर लेखनाची एक जोमदार शाखा खास संगणक-प्रोग्रामरांसाठी आहे. 'प्रोग्रामर म्हणून उत्पादक आणि आनंदी कसे राहावे' हा तिचा कायमचा विषय. पुस्तके, कंपन्यांमधल्या कार्यशाळा, महाविद्यालयांच्या प्लेसमेंट सेलने भरवलेली व्याख्याने अशा अनेक वाटांनी ती तरुणांपर्यंत पोहोचते. ज्यांनी नोकरीचा पहिला दिवसही पाहिलेला नाही, त्यांना नोकरीत आनंदी राहण्याचे धडे आधीच मिळून जातात.

आम्ही मराठी शिकवणारी माणसे. संगणकाच्या आतले आम्हांस फारसे कळते असा आमचा दावा नाही. पण आमच्या वर्गांत बसणाऱ्यांची भावंडे, आमची भाचेमंडळी, जुने विद्यार्थी या व्यवसायात आहेत आणि त्यांना दिला जाणारा उपदेश शेवटी भाषेतच दिला जातो. भाषेत जे दिले जाते ते तपासून घेणे हे आमचे काम आहे. तपासल्यावर आमचे मत असे झाले की 'उत्पादक' हा शब्द वाईट नाही आणि 'आनंदी' या शब्दाविरुद्ध कोण बोलेल? खोटेपणा आहे तो या दोहोंच्या मधल्या 'आणि'मध्ये.

शाळेतल्या व्याकरणात 'आणि' हे समुच्चयबोधक उभयान्वयी अव्यय म्हणून येते. समान दर्जाच्या दोन गोष्टी ते एकमेकींशेजारी मांडते. एक दुसरीसाठी राबत नाही. 'उत्पादक आणि आनंदी' असे म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, एकाच तोलाच्या आणि एकाच वेळी मिळण्याजोग्या आहेत. प्रत्यक्षात या व्यवसायात या दोन शब्दांचे नाते कोणत्या अव्ययाने सांगावे लागेल, हा या लेखाचा प्रश्न आहे.

*

प्रथम एका शंकेचे निरसन. प्रोग्रामरच्या सुखदुःखाशी साहित्याच्या माणसांचा संबंध काय? संबंध असा की प्रोग्रामर हा लिहिणारा माणूस आहे. ही आमची अलंकारिक अतिशयोक्ती नाही. त्या क्षेत्रातल्या थोरांनी दिलेली ही साक्ष आहे. डोनाल्ड नुथ यांनी १९७४ साली ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानासाठी विषयच घेतला होता तो कला म्हणून प्रोग्रामिंगचा. पुढे १९८४ साली त्यांनी अशी भूमिका मांडली की प्रोग्राम हा यंत्राला दिलेल्या आज्ञांचा गठ्ठा न मानता माणसाने माणसाला समजावून सांगितलेला निबंध मानावा. फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएममध्ये 'सिस्टिम/३६०' या संगणकमालिकेची कार्यप्रणाली तयार करण्याच्या प्रचंड कामाचे नेतृत्व केले आणि त्या अनुभवातून १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी प्रोग्रामरला कवीच्या शेजारी बसवले आहे. दोघेही जवळजवळ निव्वळ विचाराच्या द्रव्यातून रचना करतात, म्हणून.

आणि हा व्यवसाय किती कोवळा आहे तेही पाहावे. एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९७२ च्या ट्युरिंग व्याख्यानात सांगितलेली हकिकत प्रसिद्ध आहे. १९५७ साली विवाहनोंदणीच्या वेळी त्यांनी आपला व्यवसाय 'प्रोग्रामर' असा सांगितला, तेव्हा असा व्यवसायच नसल्याचे कारण देऊन ॲम्स्टरडॅमच्या नगरप्रशासनाने तो नाकारला आणि दाखल्यावर 'सैद्धांतिक पदार्थवैज्ञानिक' अशी नोंद झाली. ज्या व्यवसायाला सत्तर वर्षांपूर्वी सरकारदरबारी नाव नव्हते, त्यात आज आपल्या एका अख्ख्या पिढीचे आयुष्य खर्ची पडते आहे. लिहिण्याचे काम कारखान्याच्या शिस्तीत, एवढ्या मोठ्या संख्येने, तासांच्या हिशोबाने करवून घेण्याचा असा प्रयोग यापूर्वी झाला असेल असे आम्हांस वाटत नाही. लिहिणाऱ्यांचे काय होते याविषयी ज्यांना आस्था आहे, त्यांनी या प्रयोगाकडे पाठ फिरवू नये.

*

आता उपदेशाच्या व्याकरणाकडे येऊ. या लेखनातली क्रियापदे पाहावीत. सकाळी लवकर उठा. फोन दूर ठेवा. पंचवीस मिनिटे काम करा, पाच मिनिटे थांबा. व्यायाम करा. कृतज्ञतेची वही ठेवा. 'नाही' म्हणायला शिका. सगळे आज्ञार्थ. आज्ञार्थी वाक्यात कर्ता बहुधा अध्याहृत असतो आणि तो नेहमी 'तू' किंवा 'तुम्ही' असतो. म्हणजे या संपूर्ण वाङ्मयात कृती करू शकणारा माणूस एकच : स्वतः प्रोग्रामर. ज्याने मुदत ठरवली, ज्याने रात्री अकराची बैठक लावली, ज्याने दोनशे माणसांना भिंतीविना एका दालनात बसवले, ज्याने चार माणसांचे काम तिघांवर टाकले, तो या वाक्यांत कोठेही कर्ता म्हणून येत नाही. आलाच तर हवामानासारखा येतो : 'कामाचा ताण वाढतो', 'मुदती जवळ येतात'. ताण वाढवणारा कोणी असतो, मुदत जवळ आणणारा कोणी असतो, याचा वाक्यरचनेला पत्ताच नाही. कर्ता लपवण्याची सोय म्हणून सरकारी परिपत्रकांतल्या कर्मणी प्रयोगाला आपण वर्षानुवर्षे हसत आलो. हा आज्ञार्थ त्याचाच सुशिक्षित भाऊ आहे.

उपदेश निरुपयोगी असतो असे आम्ही म्हणत नाही. पुरेशी झोप चांगलीच, चालणे चांगलेच. पंचवीस मिनिटांची ती पद्धत फ्रान्सेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस शोधली ती विद्यार्थिदशेत, स्वतःच्या अभ्यासात मन लागेना म्हणून. स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे गजराचे घड्याळ हे तिचे साधन. एका विद्यार्थ्याने स्वतःवर स्वखुशीने केलेला हा उपाय होता. आमचा आक्षेप आहे तो स्वखुशीचा उपाय दुसऱ्याच्या सोयीचे कर्तव्य होऊन बसतो त्या क्षणाला.

शिवाय, माणसाची सवय महत्त्वाची की त्याची परिस्थिती, या प्रश्नाचे उत्तर प्रोग्रामरांच्या बाबतीत पूर्वीच शोधले गेले आहे. टॉम डिमार्को आणि टिमथी लिस्टर यांनी १९८४ ते १९८६ या काळात ९२ कंपन्यांतल्या सहाशेहून अधिक प्रोग्रामरांना सारखेच काम देऊन त्यांची तुलना केली आणि निष्कर्ष 'पीपलवेअर' या १९८७ सालच्या पुस्तकात मांडले. अनुभवाची वर्षे आणि पगार यांचा कामगिरीशी फारसा संबंध दिसला नाही. सर्वांत सरस आणि सर्वांत मागे पडलेल्या प्रोग्रामरांमधला ठळक फरक होता तो बसण्याच्या जागेचा : सरस ठरलेल्यांना जागा अधिक होती, शांतता अधिक होती, फोन बंद ठेवण्याची मुभा होती आणि विनाकारण व्यत्यय आणणारे कमी होते. ज्यांना लिहिताना तंद्री लागण्याचा अनुभव आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. तंद्री लागायला वेळ लागतो, मोडायला एक हाक पुरते. चाळिसाहून अधिक वर्षांपूर्वी हे मोजून दाखवल्यानंतरही कचेऱ्यांतल्या भिंती पाडल्या गेल्या, आणि मग त्या गजबजाटात एकाग्र कसे राहावे हे शिकवणाऱ्या कार्यशाळा भरल्या. आधी छप्पर काढायचे आणि मग पावसात आनंदी राहण्याचे व्याख्यान ठेवायचे, असा हा प्रकार आहे.

*

'उत्पादक' या शब्दाची छाननी आता करू. काय उत्पादन झाले म्हणजे प्रोग्रामर उत्पादक? संगणकक्षेत्रातली एक जुनी गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. १९८२ साली ॲपल कंपनीत 'लिसा' या संगणकावर काम करणाऱ्या चमूच्या व्यवस्थापकांनी नियम केला की प्रत्येकाने दर आठवड्याला आपण प्रोग्रामच्या किती ओळी लिहिल्या त्याचा आकडा तक्त्यात भरावा. बिल ॲटकिन्सन यांनी त्या आठवड्यात चित्रे रेखाटणाऱ्या प्रणालीचा एक भाग नव्याने रचून तो जवळजवळ सहापट वेगवान केला होता आणि तसे करताना सुमारे दोन हजार ओळी काढून टाकल्या होत्या. त्यांनी तक्त्यात आकडा भरला : उणे २०००. त्यांचे सहकारी अँडी हर्ट्‌झफेल्ड यांनी ही आठवण नोंदवून ठेवली आहे. काही आठवड्यांनी व्यवस्थापकांनी त्यांच्याकडे तक्ता मागणेच सोडून दिले. कवितेची चौथी ओळ खोडल्यावर कविता उभी राहिली, हा अनुभव ज्याला आहे त्याला या उणे चिन्हाचा अर्थ सांगावा लागत नाही. खोडणे हे लेखनच आहे. मोजणाऱ्याला ते दिसत नाही.

पण ॲटकिन्सन स्वतःच्या कंपनीची वस्तू घडवत होते. आपल्याकडच्या सॉफ्टवेअर-उद्योगाचा मोठा भाग परदेशी ग्राहकाला माणसांचे तास विकून उभा राहिला, आणि तेथे हा शब्द आणखी चमत्कारिक वळण घेतो. अशा करारात कंपनी ग्राहकाला बिल लावते ते माणशी वेळेचे. म्हणून प्रोग्रामर रोज टाइमशीट भरतो, त्याचे तास 'बिलेबल' आणि इतर अशा दोन जातींत विभागले जातात, बिलाविना बसलेला माणूस 'बेंचवर' जातो आणि बैठकीत त्याचा उल्लेख 'रिसोर्स' असा होतो : दोन रिसोर्स कमी पडताहेत, एक रिसोर्स मोकळा होतोय. आता समजा, एखादीने आठ दिवसांचे काम नीट विचार करून तीन दिवसांत संपवले. ती उत्पादक की नाही? ग्राहकाच्या दृष्टीने होय. तासांवर बिल लावणाऱ्या मालकाच्या दृष्टीने तिने पाच दिवसांचे उत्पन्न बुडवले. तिच्या स्वतःच्या दृष्टीने तिला वाचलेले पाच दिवस मिळाले नाहीत; नवे काम मिळाले. एकाच कृतीला तीन अर्थ आहेत आणि उपदेशाचे पुस्तक 'उत्पादक व्हा' म्हणताना यांतला कोणता अर्थ अभिप्रेत आहे ते कधीही सांगत नाही. २०२५ च्या जूनमध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर सेवा कंपनीने धोरण जाहीर केले की प्रत्येकाचे वर्षातले २२५ दिवस बिलेबल असले पाहिजेत आणि बेंचवरचे दिवस ३५ च्या वर जाता कामा नयेत. काम आणणे ही ज्यांची जबाबदारी, त्यांच्या अपयशाचा हिशोब ज्याच्याकडे काम आले नाही त्याच्या खात्यावर, असा याचा अर्थ आम्ही लावतो.

आता 'म्हणून' या अव्ययाकडे येऊ. २०१९ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटिश टेलिकॉमच्या कॉल सेंटरांचा सहा महिने अभ्यास करून निष्कर्ष काढला की कर्मचारी आनंदी असतात तेव्हा १३ टक्के अधिक उत्पादक असतात. अभ्यास प्रामाणिक असेल. त्याचा उपयोग कसा होतो ते पाहावे. कर्मचाऱ्यांना आनंदी ठेवा, कारण त्याने उत्पादन वाढते, हे वाक्य आज कोणत्याही कार्यशाळेत ऐकू येते. व्याकरणाच्या भाषेत येथे 'आणि'ची जागा उद्देशबोधक 'म्हणून'ने घेतलेली आहे : उत्पादन वाढावे म्हणून आनंद. आनंद येथे कच्चा माल आहे. आम्ही एक साधा प्रश्न विचारतो. उद्या असे आढळले की खिन्न माणूस १३ टक्के अधिक काम करतो, तर या मंडळींनी खिन्नतेच्या कार्यशाळा भरवल्या असत्या काय? उत्तर 'नाही' असेल, तर आनंदाची शिफारस करताना आकडा कशाला हवा? आणि उत्तर 'होय' असेल, तर ज्याला ते आनंद म्हणतात ते आनंद नव्हे. ज्या काव्यशास्त्राच्या परंपरेत आम्ही वाढलो, तिने काव्यानंदाला ब्रह्मानंदाचा सहोदर म्हटले ते तो कशाचे साधन नाही म्हणून. त्या शब्दाला तिमाही अहवालात बसवताना थोडी तरी लाज वाटावी.

या सक्तीच्या आनंदाचा आणखी एक परिणाम होतो. आनंद कर्तव्य झाला की दुःख हा गुन्हा होतो. रात्रपाळीने थकलेला तरुण मग कामाच्या वाटणीविषयी बोलत नाही. स्वतःच्या वृत्तीत काय बिघडले याचा शोध घेतो. शिवाय वार्षिक मूल्यमापनात त्याची 'सकारात्मकता'ही तोलली जाते. दमल्याचे दुःख, त्यावर दमल्याच्या अपराधाचे दुःख, आणि दोन्ही लपवण्याचा शीण, असा तिहेरी भार त्याच्यावर पडतो. त्याला आणखी एक पुस्तक भेट देऊन हा भार हलका होणार नाही.

*

मग प्रोग्रामरचा खरा आनंद कशात आहे? याचे उत्तरही त्याच परंपरेत सापडते. ब्रुक्स यांनी या कामातले आनंद एकेक करून सांगितले आहेत : काहीतरी घडवण्याचा, ते इतरांच्या उपयोगी पडण्याचा, गुंतागुंतीचे भाग एकमेकांत चपखल बसताना पाहण्याचा, सतत शिकण्याचा, आणि हव्या तशा वळणाऱ्या माध्यमात काम करण्याचा. लगेच पुढे त्यांनी दुःखेही सांगितली आहेत. त्यांत एक असे आहे की उद्दिष्टे दुसरे ठरवतात, साधने दुसरे पुरवतात आणि प्रोग्रामरची जबाबदारी त्याच्या अधिकाराहून नेहमी मोठी असते. उपदेशाच्या वाङ्मयाने यादीचा पहिला भाग उचलला आणि दुसरा गाळला. आनंद समजून घेण्यात आहे, पूर्णत्वाला नेण्यात आहे. दुःख अधिकाराच्या अभावात आहे. ज्याला आपण काय घडवतो आणि का घडवतो हे ठाऊक असते आणि 'हे असे होणार नाही' म्हणण्याचा ज्याला हक्क असतो, त्याला निराळ्या आनंदाची सोय करावी लागत नाही.

हा समजून घेण्याचा आनंद आज आणखी एका बाजूने पणाला लागला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने प्रोग्राम लिहून देऊ लागल्यापासून उत्पादकतेचा गजर दुप्पट झाला. २०२५ च्या जुलैत एम.ई.टी.आर. या संशोधनसंस्थेने १६ अनुभवी प्रोग्रामरांच्या २४६ कामांची पाहणी प्रसिद्ध केली. साधनांमुळे काम २४ टक्के लवकर होईल असा त्यांचा आधीचा अंदाज होता. काम झाल्यावरही आपला २० टक्के वेळ वाचला असे त्यांना वाटत होते. घड्याळाप्रमाणे त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला होता. पाहणी लहान आहे, साधने रोज बदलताहेत, त्यामुळे यावरून सार्वकालिक नियम काढू नये. पण एवढे निश्चित दिसते की उत्पादक असल्याचे वाटणे आणि उत्पादक असणे यांत अनुभवी माणसाचीही फसगत होते. जेथे खुद्द करणाऱ्याला आपली उत्पादकता कळत नाही, तेथे ती दुरून मोजून तिच्यावर बढत्या आणि बडतर्फी ठरवणाऱ्यांचा आत्मविश्वास कोठून येतो?

*

आक्षेप घेतले जातील. पहिला असा की प्रोग्रामरांना गलेलठ्ठ पगार असतात. त्यांच्यासाठी कळवळा कशाला? ज्या राज्यात शेतकरी आत्महत्या करतो तेथे हिंजवडीच्या वातानुकूलित दुःखाचे कौतुक कोणी करावे? हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. पण दुःखांची चढाओढ लावून कोणतेच दुःख कमी होत नाही. शिवाय गलेलठ्ठ पगार सर्वांनाच नसतो आणि असला तरी टिकेलच असे नसते. २०२५ च्या जुलैत त्याच सर्वांत मोठ्या कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक माणसांना कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत भर मधल्या आणि वरच्या फळीवर होता, म्हणजे ज्यांचे गृहकर्ज निम्मे फिटलेले असते आणि मुले शाळेत असतात अशांवर. त्या माणसांनी इतकी वर्षे कोणते उपदेशाचे पुस्तक वाचले नव्हते?

दुसरा आक्षेप राष्ट्रभक्तीचा. २०२३ च्या ऑक्टोबरात नारायण मूर्ती यांनी देशाची उत्पादकता वाढवण्यासाठी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचवले. २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे ९० तासांविषयीचे बोलणे बाहेर आले. रविवारी काम करवून घेता येत नाही याची त्यांना खंत होती. तासांची बेरीज म्हणजे उत्पादन, हे समीकरण सॉफ्टवेअरच्या बाबतीत ब्रुक्स यांनी १९७५ सालीच मोडीत काढले होते : रखडलेल्या कामात आणखी माणसे घातली की ते अधिकच रखडते, हा त्यांचा सिद्धांत या व्यवसायात ब्रुक्सचा नियम म्हणूनच ओळखला जातो. थकलेल्या माणसाने दहाव्या तासाला लिहिलेली ओळ दुसऱ्या दिवशी दोन माणसांना शोधत बसावे लागते. हे कोणताही प्रोग्रामर सांगेल.

रविवारच्या खंतीला मात्र मराठी माणसाने उत्तर देणे आवश्यक आहे. तो रविवार कोणा मालकाने कृपेने दिलेला नाही. मुंबईच्या गिरणीकामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे झगडून १० जून १८९० रोजी तो मिळवला. लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक, म्हणजे लेखणी धरणारे गृहस्थ. त्यांनी गिरणीकामगारांना सुट्टीविना आनंदी राहण्याचे उपाय सांगितले नाहीत. कामगारांच्या सभा भरवल्या, सह्या गोळा केल्या, मागण्या लिहून काढल्या. गिरणीकामगाराच्या वाक्यात 'तू'च्या जागी 'आपण' आले, हा बदल आमच्या मते व्याकरणाचाही होता आणि इतिहासाचाही.

प्रोग्रामरांच्या परंपरेतही हा विचार परका नाही. केंट बेक यांनी १९९९ साली मांडलेल्या पद्धतीत चाळीस तासांचा आठवडा हा एक नियमच होता. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या यूटा राज्यात सतरा प्रोग्रामरांनी एकत्र येऊन 'ॲजाइल' जाहीरनामा काढला. त्याच्या तत्त्वांत असे एक आहे की कामाची गती अशी असावी जी सर्वांना अनिश्चित काळपर्यंत टिकवता येईल. आपल्या कचेऱ्यांनी ॲजाइलमधून रोजची उभ्या उभ्या घ्यायची बैठक उचलली, फलकावरची तिकिटे उचलली, आणि हे तत्त्व वाटेत सांडले. दोन-दोन आठवड्यांच्या कामाला 'स्प्रिंट' म्हणतात. स्प्रिंट म्हणजे थोड्या अंतराची जीव तोडून धावण्याची शर्यत. एक संपताच दुसरी, ती संपताच तिसरी, अशी वर्षभर चालणारी शर्यत कोणत्या मैदानावर असते? रूपक इतके उघडे पडलेले असताना त्यावर बोट ठेवायला साहित्याचा विद्यार्थी नको काय?

*

मग करावे काय? आमच्या मते प्रश्न वैयक्तिक सवयींच्या मुलखातून काढून सामायिक अटींच्या मुलखात आणला पाहिजे. महाराष्ट्राच्या २०१७ सालच्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने रोजची मर्यादा दहा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. या बदलाच्या बातमीवर तंत्रज्ञांच्या घरांत किती चर्चा झाली? कामाच्या वेळेनंतर फोन आणि ईमेल यांना उत्तर न देण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी त्यासाठीचे खासगी विधेयक लोकसभेत २०१८ च्या डिसेंबरात आणि पुन्हा २०२५ च्या डिसेंबरात मांडले. खासगी विधेयके सहसा कायदा होत नाहीत हे ठाऊक असूनही आम्ही त्याचा उल्लेख करतो, कारण त्यातल्या वाक्यांत मालक हा कर्ता म्हणून येतो. एवढ्याने उपदेशाच्या शंभर पुस्तकांवर त्याने मात केली आहे.

आणि साहित्याच्या अध्यापकांनी स्वतःकडेही पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली शोधनिबंधांना गुण देण्याची पद्धत आणली तेव्हा आपणही ओळी मोजणाऱ्यांच्या तक्त्यात गेलो. त्यापायी निघालेल्या नियतकालिकांचे आणि त्यांत छापलेल्या निबंधांचे काय झाले, हे आपणांस कोणी सांगायला नको. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आपल्या तरुण सहकाऱ्यांना वर्गातल्या तासाचे पैसे मिळतात; त्या तासासाठी वाचलेल्या तीन रात्रींचे मिळत नाहीत. त्यांची रात्र आणि प्रोग्रामरचा विचार करण्यात गेलेला वेळ, दोन्ही एकाच कारणाने बिनमोल ठरतात : दोन्ही मोजता येत नाहीत. म्हणून हिंजवडीतल्या मुलाला आपण दुरून सहानुभूती दाखवावी असे हे प्रकरण नाही.

आपल्या हाती एक काम निश्चित आहे. या उपदेशपर वाङ्मयाचा एखादा उतारा व्यावहारिक मराठीच्या तासाला घ्यावा आणि विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारावेत : या वाक्यांचा कर्ता कोण? जो कर्ता असायला हवा होता तो कोठे गेला? आणि 'आणि'च्या जागी 'म्हणून' किंवा 'किंवा' घातले तर अर्थ बदलतो, की खरा होतो? उत्पादक किंवा आनंदी, अशी निवड ज्याच्यापुढे रोज रात्री अकरा वाजता उभी राहते, त्याला सकाळी 'उत्पादक आणि आनंदी' असे ऐकवणे ही भाषेची फसवणूक आहे. त्या 'आणि'ला खरा अर्थ देण्याचे काम पुस्तकांनी होणार नाही. कामाचे तास, कामाची जागा, नकाराचा हक्क यांविषयी प्रोग्रामर एकत्र बसून लेखी मागतील, तेव्हाच ते अव्यय आपली जागा प्रामाणिकपणे घेऊ शकेल. लिहिणे हा तर त्यांचा व्यवसायच आहे.